चिपला गप्प बसवणारं बटण

आजचा भाग जरा हार्डवेअरवाला आहे. मी कोड लिहून पोट भरतो. सोल्डरिंग आयर्न शेवटचं हातात धरलं होतं ते बीटेकच्या मिनी प्रोजेक्टला. त्यामुळे चुका होणार होत्या, आणि झाल्या.

तर झालं असं, की माझ्या मावसभावाचं, म्हणजे दादाचं, पहिलंवहिलं प्लेस्टेशन माझ्याकडे आलं. मामाने १९९८ मध्ये अमेरिकेहून आणलेलं, ११० व्होल्टवर चालणारं, सोबत विटेएवढा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. ओरिजिनल डिस्क तेव्हा घरात कोणाला परवडणार? म्हणून दादाने एका रिपेअरवाल्याकडून त्यात मॉडचिप बसवून घेतली होती. मागच्या दिवाळीला मी त्याच्यासाठी एक अमेरिकन डिस्क शोधून आणली. सेकंडहँड, पण खरीखुरी. लावली, काळा लोगो आला, आणि पुढच्या क्षणी इशारा: कन्सोलमध्ये फेरफार झालेला असू शकतो, गेम बंद. आयुष्यात पहिल्यांदा पैसे मोजून डिस्क घेतली आणि नेमके तेव्हाच चोर ठरलो!

असं का होतं, ते ऐका. ओरिजिनल डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या भागात ट्रॅक मुद्दाम किंचित नागमोडी केलेला असतो. त्या नागमोडीत चार अक्षरं लपलेली असतात. अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई, जपानसाठी एससीईआय. आपल्या कोऱ्या सीडीवर खोबण कारखान्यातच आखलेली असते, राइटर ती बदलू शकत नाही. म्हणून कॉपीमध्ये सगळा डेटा येतो, ती अक्षरं मात्र येत नाहीत. मॉडचिप म्हणजे आठ पायांचा एक छोटा मायक्रोकंट्रोलर, बहुतेक वेळा पीआयसी १२सी५०८. तो ड्राइव्हच्या सर्किटमध्ये ती अक्षरं बाहेरून घुसवतो. बस, एवढंच काम.

पण सुरुवातीच्या चिप्सना थांबायचं कळत नव्हतं. कन्सोल चालू आहे तोवर त्यांचा जप चालूच. पुढे गेम बनवणाऱ्यांनी हेच पकडलं. गेम मुद्दाम डिस्कच्या मधल्या भागात जाते, जिथे नागमोडी नसतेच, आणि ड्राइव्हला विचारते, अक्षरं दिसली का? तिथेही ‘हो’ आलं की चोरी पकडली. डिस्क खरी की खोटी, याच्याशी ह्या तपासणीला देणंघेणं नाही. मला ही आयडिया जाम आवडली, आणि माझा बळी गेला म्हणून रागही आला.

चिप काढूनच टाकायची ना, असं तुम्ही म्हणाल. दोन अडचणी. एक, इतक्या वर्षांपूर्वीचे सोल्डरचे डाग काढताना बोर्डवरचे पॅड उखडण्याची भीती. दुसरी, दादाच्या कॉपी डिस्कचं अख्खं पाकीट. चिप गेली की त्या सगळ्या मुक्या. म्हणून बटण.

आधी मी सोपा रस्ता धरला. चिपच्या पॉवरची तार कापली आणि मध्ये साधा स्विच टाकला. बंद केला, डिस्क लावली... तोच इशारा! अर्धा तास डोकं खाजवलं. शेवटी मल्टीमीटर लावला, तर स्विच बंद असूनही चिपच्या पॉवरच्या पायावर अडीच व्होल्टच्या वर! कारण चिपच्या बाकीच्या पायांना आत संरक्षणासाठी डायोड असतात. सिग्नलच्या तारांवरचा करंट त्या डायोडमधून उलटा शिरतो आणि चिप तेवढ्यावर जगते. पुढचं दार लावलं, पण खिडकी उघडी.

मग दुसरा प्रयत्न. चिपला वीज मिळू दे, बोलू दे, पण तिचा आवाज कन्सोलपर्यंत पोचता कामा नये. सहा पायांचा, दोन पोलचा स्विच आणला. एका बाजूतून डेटाची तार, दुसरीतून गेटची. स्विच उघडला की दोन्ही एकदम तुटतात. माझ्या बोर्डवरची मूळ ट्रेस कुठेही कापलेली नव्हती, म्हणून तारा सुटल्यावर कन्सोल कारखान्यातून आल्यासारखा वागतो. तुमच्या बोर्डवर ट्रेस कापलेली असेल तर हे चालणार नाही, आधी भिंग घेऊन बघा. तारा शक्य तेवढ्या आखूड ठेवा.

आणि हो, ह्या मशीनचा पॉवर सप्लाय डब्याच्या आतच असतो. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये दीडशे व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो. प्लग काढा, चांगला वेळ जाऊ द्या, मीटरने तपासा, मगच हात घाला. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

कायद्याचं विचाराल तर ऑस्ट्रेलियात प्लेस्टेशनच्या मॉडचिपचा खटला थेट हायकोर्टापर्यंत, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ मध्ये चिप बसवणारा जिंकला. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ६५अ कलम आलं. त्यात हक्कभंगाच्या उद्देशाने संरक्षण मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ओरिजिनल डिस्क चालावी म्हणून चिप बंद करणं हा तर उलटाच प्रवास झाला.

स्विचसाठी डब्याला भोक पाडायचं जिवावर आलं होतं. पण ह्या मॉडेलला मागे पॅरलल पोर्ट आहे, त्यावर निघणारं झाकण. स्विच त्या झाकणामागे बसला. बाहेरून काही कळत नाही.

दादा भाऊबीजेला आला. मी झाकण काढून दाखवलं. त्याने स्विच बंद केला, डिस्क लावली, काळा लोगो आला, आणि आम्ही दोघंही गप्प. गेम सुरू झाली. मग तो म्हणाला, “अरे, पण चालू कुठलं आणि बंद कुठलं, हे उद्या तुझ्या तरी लक्षात राहील का?” आता चालूच्या बाजूला आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे.