दोन दिनार आणि रेशनकार्ड



यवतमाळात आपलं मनापासून स्वागत. आज ११ फेब्रुवारी, लूर्द मातेचा सण. १९९३पासून ख्रिस्तसभा जगभर हा दिवस आजाऱ्यांसाठी पाळते. आमचं ऊनही अजून तापायचं आहे. पाहुणे बोलवायला हेच दिवस बरे.

आरोग्य आणि मानवी प्रतिष्ठा हा आजच्या चर्चेचा विषय इथे पुस्तकातून आलेला नाही. २०१७ साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या उंचीएवढी वाढली होती. पाठीवर पंप घेऊन मजूर कीटकनाशक फवारत होते आणि ते औषध त्यांच्याच तोंडावर येत होतं. शेकडोंना विषबाधा झाली, जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले. मजुरांनीच काळजी घेतली नाही, असंही तेव्हा म्हटलं गेलं. रोजाने फवारणीला गेलेल्या माणसाला हातमोजे कोण देणार होतं? त्याचा आजार दवाखान्यात नव्हे, धुऱ्यावर सुरू झाला होता. सुधारणेची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.

उपचार हा माणसाचा हक्क आहे, असं पोप तेविसावे जॉन यांनी १९६३च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलं. आपण मात्र अजून दयेचीच भाषा बोलतो. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण जखमा बांधण्यापर्यंत सांगतो. मला त्यातला पुढचा व्यवहार जास्त आवडतो. त्याने खाणावळवाल्याला दोन दिनार दिले आणि वरचा खर्च परतताना देईन म्हणाला. रेशनकार्डाचा रंग विचारला नाही! आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ती रंगाची अट निघायला कितीतरी वर्षं गेली. आता उपचारखर्चाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली, हे चांगलंच झालं. पण झरी-जामणीच्या पोडावरच्या कोलाम बाईला यवतमाळच्या दवाखान्यापर्यंत आणणार कोण?

सरकारला विचारताना घरचंही पाहू. डॉक्टर असलेल्या सिस्टर मेरी ग्लोरी ऑस्ट्रेलियातून गुंटूरला आल्या आणि १९४३ साली त्यांनी देशातल्या कॅथलिक दवाखान्यांची संघटना उभी केली. त्यांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या दवाखान्यांच्या खिडकीवर पहिला प्रश्न दुखण्याचा असतो की डिपॉझिटचा? याचं उत्तर संध्याकाळपर्यंत मिळावं.

दुपारी भाकरी-झुणका आहे. पाहुणचारात काही उणं पडलं तर सांभाळून घ्या. चर्चेत मात्र कुणी कुणाला सांभाळून घेऊ नका.