दोरी ओढण्याचा अधिकार



'नव्या पद्धतीचे काम आणि कामगार' हा विषय चालकांनी आम्हांस दिला. विषय मोठा आहे आणि आमचे शाळेतले शिक्षण थोडे. यत्ता सातवीनंतर जे शिकलो ते लेथवर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा आमच्याकडून पंडिताच्या भाषणाची अपेक्षा करू नका. कामाच्या जागी उभे राहून जे दिसले आणि नंतर वाचून जे पडताळले, तेवढेच मांडणार आहोत.

या गावातली पुष्कळ मुलेमुली आज पुण्याला हिंजवडीत संगणकाच्या कंपन्यांत काम करतात. सुटीत घरी आली की 'अ‍ॅजाइल', 'स्क्रम', 'स्प्रिंट' असे शब्द त्यांच्या तोंडून ऐकू येतात. आईबापांना वाटते, हे काही आपल्या आवाक्यातले नाही. आमचे म्हणणे असे की, हे शब्द नवे असले तरी गोष्ट जुनी आहे. आणि ती चांगली की वाईट, याचा निकाल संगणक देणार नाही, माणसामाणसांतले नाते देणार आहे.

प्रथम ही पद्धत काय आहे ते पाहू. 2001 सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या युटा राज्यात, स्नोबर्ड या डोंगरी ठिकाणी, सॉफ्टवेअर तयार करणारे सतरा जण जमले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा काढला. त्यापूर्वी बऱ्याच ठिकाणी रीत अशी होती की, आधी मोठा आराखडा कागदावर लिहायचा, मग वर्ष-दोन वर्षे त्याप्रमाणे काम करायचे आणि शेवटी तयार वस्तू गिऱ्हाइकापुढे ठेवायची. गिऱ्हाईक म्हणायचे, मला हे नको होते! तोवर पैसाही गेलेला असे आणि माणसेही थकलेली असत. या सतरा जणांनी सांगितले की, कागदापेक्षा चालती वस्तू मोलाची आणि नियमांपेक्षा माणसांचा आपसांतला संवाद मोलाचा. थोडे करा, गिऱ्हाइकाला दाखवा, त्याचे ऐका, दुरुस्त करा, पुन्हा थोडे करा. रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटे उभ्याउभ्या एकमेकांची अडचण विचारा. दर एक-दोन आठवड्यांनी थांबून मागे वळून पाहा. सारांश हा एवढाच.

आता ही गोष्ट आपल्याकडे नव्हती काय? होती. आटपाडी जशी औंध संस्थानात होती, तसे कुंडलही औंधातच होते, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगायला नको. त्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. जागा आणि उसनवार भांडवल औंधाच्या राजांनी दिले. त्याआधी बेळगावात असताना, 1903 च्या सुमारास, त्यांनी लोखंडी नांगर तयार केला होता. शेतकरी म्हणे, लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते. लाकडी नांगरच बरा. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात.

या दोन वर्षांचा अर्थ नीट समजून घ्या. नांगर हा कागदावर चांगला ठरत नाही. काळ्या रानात त्याला किती बैल लागतात, आपल्या माणदेशी मुरमाड माळावर फाळ किती दिवस टिकतो, खिल्लार जोडीच्या खांद्याला तो झेपतो की नाही, हे रानच सांगते आणि रानाची भाषा औत हाकणाऱ्यालाच कळते. ज्याला खपणारा नांगर करायचा आहे त्याला रानात जावेच लागते, बांधावर बसावेच लागते. आजची मुले ज्याला गिऱ्हाइकाचा अभिप्राय म्हणतात, तो हाच.

आणि एकट्याने कारखाना होत नाही. किर्लोस्करवाडीला लक्ष्मणराव होते, तसे यंत्रे पाहणारे शंभुराव जांभेकर होते, हिशेब पाहणारे मंगेशराव रेगे होते, वसाहत वसवणारे थोरले बंधू रामूअण्णा होते. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही तेथे पहाऱ्याचे काम मिळाले होते, ही गोष्ट आटपाडीकरांना विशेष वाटू नये, कारण याच गावाच्या शिवारात 1939 साली स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत उभी राहिली. माणसावर विश्वास टाकला तर तो काम करतो, हा धडा औंधाच्या मुलखाने जगाला दिला आहे. अर्थात तो कारखाना मालकाचा होता, सहकारी नव्हता. त्याची आरती ओवाळायला आम्ही येथे आलो नाही. आमचा मुद्दा एवढाच की, चांगली वस्तू तयार होण्यामागे वापरणाऱ्याचे ऐकणे आणि एकमेकांवरचा विश्वास, या दोन गोष्टी असतात.

पण येथे एक मोठा धोका आहे, आणि तो सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत. पद्धत घेताना तिचा वेग तेवढा उचलायचा आणि विश्वास मागे ठेवायचा, असे होऊ शकते. याचा अनुभव मुंबईच्या कामगाराने पूर्वीच घेतला आहे. 1920 नंतरच्या दशकात गिरण्यांत शास्त्रीय पद्धतीच्या नावाखाली सुधारणा आल्या. विणकर दोन माग चालवीत असे, त्याच्याकडे तीन, कोठे चार देण्याचे घाटले. शास्त्र होते, पण ते शास्त्र विणकराला कोणी विचारले नाही. परिणाम काय झाला? 1928 साली गिरण्या सुमारे सहा महिने बंद राहिल्या आणि त्या लढ्यातच गिरणी कामगार युनियन जन्मास आली. कामगार सुधारणेला भ्याला असे जे म्हणतात ते अर्धेच सांगतात. तो आपल्याला न विचारता आपल्या खांद्यावर टाकलेल्या ओझ्याला नाही म्हणाला.

त्याच काळात जपानात दुसरी गोष्ट घडत होती. साकिची टोयोडा या कारागिराने 1924 साली असा स्वयंचलित माग सिद्ध केला, की धागा तुटला की माग आपोआप थांबे. त्यामुळे एका माणसाला अनेक माग सांभाळता येत, म्हणजे माणसे कमी लागत, हेही खरे. ते लपविण्यात अर्थ नाही. परंतु त्या मागात एक विचार होता: दोष दिसला की थांबा, दोष पुढे ढकलू नका. पुढे त्याच घराण्याच्या मोटारींच्या कारखान्यात हा विचार मागावरून माणसापर्यंत आला. कामाच्या ओळीवर एक दोरी बांधली. साध्यातल्या साध्या कामगाराला काही चुकते आहे असे वाटले की त्याने दोरी ओढायची. मग वरचा माणूस धावत यायचा. अडचण वेळेत सुटली नाही तर सगळी ओळ थांबायची. आज सॉफ्टवेअरमध्ये ज्या पद्धती चालतात, त्यांच्या मुळांपैकी एक मूळ येथे आहे.

पुष्कळ कारखान्यांनी ती दोरी आणून बांधली, पण ती कोणी ओढीना. का? याचे उत्तरही जपानच्या इतिहासात आहे. 1950 साली टोयोटात मोठा तंटा झाला, दीड हजारांहून अधिक माणसे कामावरून गेली आणि खुद्द अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांना पायउतार व्हावे लागले. त्यानंतर राहिलेल्या कायम कामगारांना नोकरीची शाश्वती लाभली. पोटाची खात्री असलेला माणूसच दोरीला हात घालतो. ज्याची नोकरी उद्याच्या हजेरीवर अवलंबून आहे, तो दोरी ओढणार नाही. तो मान खाली घालून सदोष माल पुढे सरकवील.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. आम्ही लेथवर होतो त्या काळात एका कारखान्यात (नावाशी आपल्याला कर्तव्य नाही) गिअरपेटीचे ओतीव भाग येत. ओतकामात आत पोकळी राहिली असेल तर ती लेथवाल्याला पहिल्या कापातच दिसे. परंतु यंत्र थांबवले की पाळीचे उत्पादन घटे, बक्षिसी बुडे आणि 'तुलाच बरे दिसते' असे चारचौघांत ऐकावे लागे. त्यातून अर्धे लोक कंत्राटी. त्यांना तर दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेरच ठेवायचे. मग सगळे गप्प. पाळीच्या पाळीचे काम शेवटच्या तपासणीत भंगारात जाई आणि वर चौकशी लागे की, दोषी कोण? दोषी माणूस नव्हता, मंडळी. दोषी होते भय.

म्हणून आम्ही म्हणतो की, ही नवी पद्धत आणि संघटना यांचे वैर नाही. उलट, संघटनेवाचून ही पद्धत लंगडी आहे. त्या सतरा जणांच्या जाहीरनाम्याला जोडलेल्या बारा तत्त्वांत एक असे आहे की, कामाची चाल सर्वांना अखंड निभावता येईल अशीच असावी. ज्या दिवशी आम्ही हे वाचले, त्या दिवशी आम्हांस नारायण मेघाजी लोखंडे आठवले. 1884 साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा स्थापली आणि 1890 च्या जूनमध्ये कामगाराला रविवारची सुटी मिळवून दिली. निभेल अशी चाल म्हणजे दुसरे काय? जे तत्त्व सतरा तज्ज्ञांनी 2001 साली लिहिले, त्यासाठी आमच्या लोखंड्यांनी एकशे दहा वर्षे आधी सह्या गोळा केल्या होत्या.

आता हिंजवडीतल्या मुलांसाठी तीन कसोट्या सांगतो. तुमच्याकडे ही पद्धत खरी आहे की नुसती पाटी आहे, हे त्यांवर घासून पाहा.

पहिली: वाईट बातमी वर पोचायला किती वेळ लागतो आणि ती सांगणाऱ्याचे पुढे काय होते? सकाळच्या उभ्या सभेत सगळेच 'ठीक चालले आहे' म्हणत असतील, तर ती सभा नव्हे, मुकादमाची हजेरी आहे.

दुसरी: या आठवड्यात किती काम घ्यायचे हे ठरवतो कोण? करणारे ठरवत असतील तर तो अंदाज होय. वरून आले तर तो उक्त्याचा आकडा होय. अंदाजासाठी ठेवलेले गुण माणसामाणसाची तुलना करायला वापरले, की नव्या नावाने अंगावरच्या कामाची जुनी पद्धत परत आली असे समजा.

तिसरी: मागे वळून पाहण्याच्या बैठकीत जे ठरते, त्यातले पुढच्या बैठकीपर्यंत एक तरी बदलते काय? न बदलेल तर माणसे बोलणे सोडतात, आणि ते योग्यच करतात.

आणि गावात राहणाऱ्यांनी हे फक्त पुण्याच्या मुलांचे प्रकरण समजू नये. आपल्याकडे सावड होती, इर्जिक होते. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. सुंदर रीत होती; परंतु ज्याला रानच नाही त्याचा त्यात वाटा काय, हा प्रश्न ती रीत विचारीत नसे. तो प्रश्न विचारला पाण्याच्या चळवळीने. शेजारच्या खानापूर तालुक्यात बळवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण बांधले, तेव्हा पाण्यात भूमिहीनाचाही हिस्सा धरला. 1993 पासून येथे आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने पाणी परिषदा भरत आल्या. त्यांत पाणी समन्यायाने वाटण्याची मागणी झाली. नुसते पाणी द्या एवढ्यावर न थांबता ते बंद नळाने कसे न्यावे, कुटुंबागणिक कसे मोजावे, याचाही विचार झाला. ज्याला पाणी वापरायचे आहे तो योजनेच्या मांडणीत बसला. आमच्या मते हेही याच पद्धतीचे काम आहे, आणि नांगराच्या पुढची पायरी आहे. तेथे वापरणाऱ्याचे ऐकले जाते. येथे वापरणारा स्वतःच बोलतो.

तेव्हा दूध संघ असो, सोसायटी असो, डाळिंब उत्पादकांचा गट असो, तुमच्या तेथे दोरी कोठे बांधली आहे ते पाहा. सर्वांत धाकटा सभासद, दूध मोजणारी बाई, पाणी सोडणारा गडी ती ओढू शकतो काय? ओढली तर चेअरमन धावत येतो, की डोळे वटारतो? या एका प्रश्नाच्या उत्तरावरून संस्थेची प्रकृती ओळखता येते. ताळेबंद नंतर पाहिला तरी चालेल.

काम लवकर व्हावे असे आम्हांसही वाटते. परंतु लवकर म्हणजे घाईने नव्हे. चूक लवकर कळणे म्हणजे लवकर. आणि चूक लवकर कळायची असेल तर ती पाहणारा माणूस निर्भय हवा. निर्भयता साहेबांच्या परिपत्रकाने येत नाही; ती कायम नोकरीने, ठरलेल्या तासांनी आणि शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याच्या भरवशाने येते. ती मिळविणे हे संघटनेचे काम, आणि त्या कामाला आपल्या मुलामुलींनीही लागावे, एवढीच विनंती.