वाचता येते, उमगत नाही



निरक्षरतेविषयी आपण पुष्कळ बोललो आहोत. आज विषय आहे तो साक्षराच्या हातून अक्षर निसटण्याचा. उतारवयाकडे झुकताना काही व्यक्तींची भाषाच हळूहळू क्षीण होत जाते. नित्याचे व्यवहार आरंभी शाबूत असतात; शब्द मात्र सापडेनासे होतात. अमेरिकेतील मेंदूतज्ज्ञ मार्सेल मेसुलम यांनी १९८२ साली अशा सहा रुग्णांचे वर्णन केले, तेव्हापासून या विकाराचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला.

याच्या एका प्रकारात शब्दांचे अर्थच पुसले जातात. इंग्रजीत लेखन व उच्चार यांचा मेळ सदैव बसत नाही. म्हणून 'पाइंट' हा शब्द असा रुग्ण 'मिंट'च्या चालीवर 'पिंट' असा वाचतो. देवनागरीत मात्र अक्षर बहुतांशी उच्चार सांगते. 'चार' आणि 'चारा' यांतील 'च'चा भेद, असे अपवाद थोडे. तेव्हा तोच मनुष्य मराठी उतारा खडाखडा वाचू शकेल आणि 'वारस म्हणजे कोण?' या प्रश्नावर गप्प राहील.

दोन भाषा जाणणाऱ्याच्या बाबतीत फसगत होते ती येथेच. इंग्रजीतील चूक सराव सुटल्याची समजली जाते. मराठीतील वाचन ऐकून घरचे निर्धास्त राहतात. म्हणून तपासणी दोन्ही भाषांत व्हावी आणि वाचलेल्याचा अर्थ अवश्य विचारला जावा.

अनेक भाषा शिकल्याने मेंदू शिणतो, हा समज निराधार होय. हैदराबाद येथे ६४८ स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या अभ्यासात द्विभाषिकांना हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा जडल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. निरक्षर द्विभाषिकांतही हा फरक दिसून आला.

आपले कर्तव्य काय? कागद वाचून दाखविला, सही झाली, एवढ्याने संमती सिद्ध होत नाही. शंका आल्यास आशय त्या व्यक्तीच्याच शब्दांत सांगावयास लावावा. जाणत्या वाचकाचे वाचन मंदावले आणि चष्मा बदलूनही फरक पडला नाही, तर मेंदुविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. मेंदूतील बिघाडामुळे येणारे कायमचे वाचा व भाषा अपंगत्व २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात समाविष्ट आहे. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवणदोषांसाठीच कार्य करते.

हा विकार मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. वेळीच निदान झाले, तर मात्र शब्द हाताशी आहेत तोवर त्या व्यक्तीला आपली इच्छा स्वतः सांगता येते. ती संधी तिला मिळवून देणे आपल्या हाती आहे.