दिवसभराचे व्हिडिओ कॉल, नवा लॅपटॉप आणि हरवलेला ‘स’

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागच्या भागात मी सहज म्हणाले होते की लॅपटॉप बदलला, आणि त्यावर एवढे मेसेज आले, की म्हटलं हा एक भाग त्यालाच देऊन टाकू. ‘कुठला घेतलात?’ हा सगळ्यांचा प्रश्न. मॉडेलचं नाव मी सांगणार नाहीये. चार महिन्यांनी ते दुकानात नसतं आणि मग तुम्ही मला शिव्या घालता. का घेतला, कसा घेतला आणि त्याआधी मी काय घोळ घातला होता, ते सांगते. घोळ मोठा होता.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी: मी स्पीच थेरपिस्ट आहे, नाशिकला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये क्लिनिक बंद झालं आणि मी घरून व्हिडिओवर सेशन घ्यायला लागले. लॉकडाऊन संपला, पण व्हिडिओ काही संपला नाही. परदेशातल्या मराठी घरांना मुलांसाठी मराठी बोलणारी थेरपिस्ट हवी असते. तालुक्याच्या गावांतही ही सोय सहसा नसते. त्यामुळे रोज सहा-सात सेशन, प्रत्येक चाळीस मिनिटांचं. मध्ये पालकांशी बोलणं, नोंदी लिहिणं, चित्रांची कार्डं दाखवणं. हे सगळं २०१७ साली घेतलेल्या एका लॅपटॉपवर चालू होतं. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. बिचाऱ्याने साथ दिली, पण गेली दोन वर्षं तिसऱ्या सेशनला त्याचा पंखा असा सुरू व्हायचा, की दुबईतल्या एका आजींनी विचारलं, “मॅडम, तुमच्याकडे मिक्सर चालू आहे का?”

आता माझा घोळ. पंख्याचा आवाज लॅपटॉपच्या माइकमध्ये जायचा. मग मी काय केलं? चांगल्यातला ब्लूटूथ हेडफोन घेतला. पंखा समोरच्याला ऐकू येणं कमी झालं, कानाला वायर नाही, मी खूश.

याच आजींचा नातू, साडेपाच वर्षांचा. तो ‘स’ म्हणताना जीभ दातांच्या बाहेर काढायचा, त्यामुळे ‘ससा’चा जवळजवळ ‘थथा’ व्हायचा. आमचं काम चांगलं सुरू होतं. आरसा धरून बसायचा, आजी शेजारी. पण एका टप्प्यानंतर मला प्रगती ऐकूच येईना. जीभ आत गेलेली दिसतेय असं वाटायचं, पण त्या जुन्या कॅमेऱ्याला आणि अडकत चालणाऱ्या चित्राला काय भरवसा. कानाला मात्र तोच बोथट आवाज. मी दोन महिने त्याच पायरीवर त्याला ठेवलं. त्याच्या आईला सांगितलं, “अजून बसलेला नाही. घरी सराव वाढवा.” मूल कंटाळलं. एकदा तर स्क्रीनसमोरून उठून गेलं.

दिवाळीत ते सगळे भारतात आले आणि मला भेटायला घरी आले. पोरगा दारातून आत येता येता म्हणाला, “मॅडम, मी खाली सायकल पाहिली.” स्वच्छ ‘स’. मी त्याला ‘बस’, ‘रस’, ‘ससा’, सगळं म्हणायला लावलं. सगळं बरोबर. आई म्हणाली, “अहो, आम्हाला घरी हेच ऐकू येत होतं. पण तुम्ही म्हणताय नाही, म्हणजे आमचाच कान कच्चा असणार.”

मला काय बोलावं सुचेना.

मग रात्री भाच्याला फोन केला. तो हिंजवडीत असतो. मी सगळं सांगितल्यावर म्हणाला, “मावशी, तू ब्लूटूथवर ऐकत होतीस?” आणि मग त्याने जे सांगितलं, ते मला खरं तर स्वतःला कळायला हवं होतं, कारण आवाज हा माझाच विषय.

ब्लूटूथ हेडफोनवर तुम्ही नुसती गाणी ऐकता, तेव्हा आवाज चांगला येतो. पण कॉलसाठी त्याचाच माइक चालू केला, की तो साधारणपणे ‘हँड्स-फ्री’ नावाच्या फोनच्या पद्धतीवर उतरतो, आणि मग ऐकू येणारा आवाजही खालच्या दर्जाचा होतो. त्यातल्या जुन्या पद्धतीत सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काही पोचतच नाही. सुधारलेल्या पद्धतीत १६,००० नमुने, म्हणजे ८ किलोहर्ट्झपर्यंत. आणि ‘स’ची बहुतेक ताकद ४ किलोहर्ट्झच्या वर असते. लहान मुलांचा ‘स’ तर आणखी वर. आपण फोनवर स्पेलिंग सांगताना म्हणतो ना, “एफ नाही हो, एस, सांगलीचा एस”, ते याचमुळे. माझा जुना लॅपटॉप त्या हेडफोनशी ८,००० वाल्या पद्धतीने बोलत होता. पोरगा ‘स’ म्हणत होता आणि माझ्यापर्यंत तो येतच नव्हता.

म्हणजे बघा, लॅपटॉप तापला, म्हणून पंखा, पंख्यासाठी ब्लूटूथ, आणि ब्लूटूथमुळे एका मुलाचे दोन महिने. त्या दोन महिन्यांची फी मी परत केली. आई नको म्हणत होती, पण मी केली.

दुसऱ्या दिवशी दीड हजाराचा वायरवाला यूएसबी हेडसेट आणला आणि ‘स’ परत आला. तेव्हा मंडळी, दिवसभर कॉलवर असाल आणि आवाजाची कुरकुर असेल, तर सत्तर हजार घालवण्याआधी दीड हजार घालवून बघा. वाय-फायचंही तसंच. राऊटर दोन खोल्या पलीकडे ठेवून लॅपटॉपला दोष देणारे माझ्या ओळखीचे किमान चार जण आहेत. नेटची केबल सरळ लॅपटॉपला लावून एक दिवस काम करा, कळेल. लॅपटॉप उघडून आतली धूळ साफ करून घ्या, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्या. मी हेही केलं, आणि मिक्सरचा टेबल फॅन झाला.

मग तरी नवा का घेतला? एक, विंडोज १०. त्याला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढची चिप लागते. माझी सातवी. एका पिढीने हुकलं. वर्षभराची वाढीव सुरक्षा मिळते, पण माझ्या लॅपटॉपमध्ये लहान मुलांचे व्हिडिओ आणि तपासणीचे अहवाल आहेत. तिथे मला दिवस ढकलायचे नव्हते. दुसरं म्हणजे भाच्याने कॉल चालू असताना टास्क मॅनेजर उघडायला लावला. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबायचं. प्रोसेसर ९५ टक्क्यांवर आणि ८ जीबीपैकी साडेसात भरलेली. “हा म्हातारा धावत धावत जेवतोय, मावशी,” म्हणाला.

व्हिडिओ कॉल म्हणजे हलकं काम असा आपला समज असतो. नुसतं बोलायचं तर आहे! पण तुमचा कॅमेरा सेकंदाला वीस-तीस चित्रं काढतो, ती दाबून लहान करून पाठवायची, समोरून आलेली उलगडायची, स्क्रीन शेअर असेल तर तीही, आणि हे न थांबता. मागचं धूसर करायचं ठरवलंत तर प्रत्येक चित्रात तुम्ही कुठे संपता आणि भिंत कुठे सुरू होते, हेही त्याने शोधायचं. मी ते बंद करून मागे सरळ एक साधा पडदा लावला, तर प्रोसेसर ७५ वर आला. आता नव्या काही चिपांत असल्या कामासाठी एनपीयू नावाचा वेगळा भाग असतो. चांगली गोष्ट आहे. मला पडदा पुरतो.

तर खरेदी. मला शोधायचं होतं ते असं मशीन, जे सातव्या सेशनलाही पहिल्या सेशनसारखं वागेल. जाहिरातीत हे कुठेच लिहिलेलं नसतं. जाहिरातीतला वेग म्हणजे शंभर मीटरची शर्यत, आणि आपल्याला रोज पंढरपूरला चालत जायचंय.

दुकानात गेले, भाचा फोनवर. तिथल्या मुलाने आधी एक गेमिंग लॅपटॉप पुढे केला. “मॅडम, यात ग्राफिक कार्ड आहे, व्हिडिओ एकदम मक्खन.” तो जड होता आणि नुसता चालू करताच सूं करायला लागला. कॉलला वेगळं ग्राफिक कार्ड लागत नाही, हल्लीच्या साध्या प्रोसेसरमध्येच व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याची सोय असते. मग त्याने एक पातळ, देखणा काढला. मी म्हटलं, यावर व्हिडिओ कॉल लावून बघू का? तो म्हणाला, “लावा की.” मी म्हटलं, अर्धा तास. तो माझ्याकडे बघतच राहिला. पण दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. मोबाइलचा हॉटस्पॉट दिला, भाच्याला कॉल लावला, चित्रांची पीडीएफ शेअर केली, ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले आणि बसले. पंधराव्या मिनिटाला देखण्याचा पंखा लागला आणि कीबोर्डचा मधला भाग चटका बसेल इतका तापला. नको.

भाचा तिकडून चिपांचे नंबर वाचायला लावत होता. त्यातली एक गंमत सांगते, उपयोगी पडेल. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५४०यू. दुकानातल्या चिठ्ठीवर दोन्ही ‘रायझन ५’. पण त्या मालिकेत तिसरा आकडा खरी पिढी सांगतो. २ म्हणजे झेन २, हे २०१९ चं घराणं, चार कोअर. ४ म्हणजे झेन ४, सहा कोअर. ‘आय-फाइव्ह आहे, रायझन फाइव्ह आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका, पूर्ण नंबर वाचा. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा. ‘एच’वाल्या जास्त वीज खातात आणि जास्त तापतात, ‘यू’वाल्या कमी. माझ्यासारखीला ‘यू’ पुरते.

रॅम १६ जीबी, याखाली नाही. आणि दुकानदाराला विचारायचं, “ऑनबोर्ड आहे की स्लॉट आहे?” बोर्डवर चिकटवलेली असेल तर पुढे वाढवता येत नाही, मग आज घेतली तीच शेवटपर्यंत.

मॅकबुक एअरबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. त्याला पंखाच नाही. माझ्या कहाणीत याहून मोठं सुख काय असणार? माइकही छान. एम-फोरवालं मार्च २०२५ मध्ये भारतात ९९,९०० रुपयांना आलं, १६ जीबीसह. पण मी तपासणीचे गुण ज्या सॉफ्टवेअरमध्ये भरते, ते फक्त विंडोजवर चालतं. शिवाय माझं बजेट पंचाहत्तरचं होतं. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये होतं, त्यांनी जरूर बघा.

शेवटी घेतला तो बिझनेस सिरीजमधला, १४ इंची, थोडा जाडसर. दिसायला सरकारी फाइलसारखा. पण अर्ध्या तासाच्या कॉलमध्ये पंखा कान देऊन ऐकावा लागला. रॅमला स्लॉट, बॅटरी ५७ वॉट-अवरची. बॅटरी ‘इतके तास चालते’ असं कुणी सांगितलं तर वॉट-अवर विचारा, तासांचा आकडा कॉल लावून मोजलेला नसतो. चार्जिंग यूएसबी-सीवर. नेटची केबल लावायला बाजूला जागा. आणि कॅमेरा १०८०पी, कारण मुलाला माझी जीभ कुठे टेकते ते दिसायला हवं. मात्र कॅमेऱ्यापेक्षा जास्त फरक पडला टेबल फिरवल्याने. खिडकी पाठीमागे होती, ती समोर घेतली. फुकट.

ज्यांचं बजेट पस्तीस-चाळीसच्या वर जात नाही, त्यांना मी नवा स्वस्त लॅपटॉप घ्या असं म्हणणार नाही. कंपन्यांनी वापरून काढलेले बिझनेस लॅपटॉप, थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक, हे रिफर्बिश्ड मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, आणि आता बहुतेक शहरांत. विंडोज ११ ला चालणारी चिप, १६ जीबी, आणि बॅटरी नवी टाकून घ्यायची. बिल आणि वॉरंटी लेखी. माझ्या मदतनीस मुलीने असाच घेतलाय, मस्त चाललाय.

आता खरी मजा. नवा लॅपटॉप आणला, पहिलं सेशन. मी वायरवाला हेडसेट न लावता मुद्दाम त्याचा स्वतःचा माइक वापरला, पंखा शांत आहे ना आता. मुलीला म्हटलं, “सापासारखं करायचं हं, स्स्स्स्…” मुलगी नुसती बघत बसली. तिचे बाबा म्हणाले, “मॅडम, तुमचा आवाज जातोय मध्येच.” पुन्हा केलं. पुन्हा गायब. लॅपटॉपमध्ये कंपनीचं एक ॲप होतं, त्यात ‘एआय नॉइज कॅन्सलेशन’ आधीपासूनच चालू. एकसारखा चालणारा ‘स्स्स’ म्हणजे त्याच्या लेखी पंखा! त्याने इमानदारीत तो पुसून टाकला. नऊ वर्षांच्या लॅपटॉपने ‘स’ हरवला होता, नव्याने तो खाल्ला.

ते बंद केलं. कॉलच्या ॲपमध्येही असंच गाळप असतं. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाचा पर्याय आहे, गाणं शिकवणारे वापरतात, तो लावला. पण लक्षात घ्या, हे बोलणाऱ्याच्या बाजूला करायला लागतं. मुलाचा आवाज मला नीट हवा, तर मुलाच्या घरच्या फोनवर ते बंद पाहिजे. त्यामुळे आता नवीन पालक आले, की फॉर्मच्या आधी मी त्यांना दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवते, कुठे दाबायचं, काय बंद करायचं. आणि पहिल्या सेशनला मुलाऐवजी आईला किंवा आजीला ‘साखर, शाळा, सशाची शेपटी’ म्हणायला लावते. मोठ्यांचा ‘स’ आणि ‘श’ मला वेगळा ऐकू आला, की मगच मुलाकडे वळायचं.

दुबईचा आमचा गडी परत सेशनला बसतोय. ‘स’ सुटला, आता जोडाक्षरं. ‘रस्ता’ झाला. ‘पुस्तक’ला अजून ‘पुत्तक’ म्हणतो. यावेळी मी आधी आजींना विचारलं, तुम्हाला काय ऐकू येतंय? त्या म्हणाल्या, “पुत्तकच म्हणतोय हो लबाड.”

चला, पाच वाजता त्याचंच सेशन आहे. थांबते. जुन्या लॅपटॉपचं काय केलं, हे विचारणाऱ्यांसाठी: सगळा डेटा पुसून भाच्याने त्यावर लिनक्स टाकलं आणि तो आता माझ्या बाबांकडे आहे. ते त्यावर बुद्धिबळ खेळतात. पंखा लागत नाही म्हणे.