ग्रह पाहायचा, पण किती वाजता?



आकाशाचे वेळापत्रक कोल्हापूरच्या माणसाला नवे नाही. दर वर्षी ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी आणि पुन्हा ९, १० व ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचे किरण अंबाबाईच्या गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात आणि तो किरणोत्सव पाहायला आपण गर्दी करतो. वर्षातून दोनदाच असे का व्हावे? या दोन्ही वेळी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे १७ अंशांवर असतो आणि क्षितिजावर जवळजवळ त्याच जागी मावळतो, म्हणून. एखाद्या वर्षी ढग आडवे येतात, किंवा वाटेतले बांधकाम किरण अडवते. तेवढ्याने गणित खोटे ठरत नाही.

सूर्याचे हे जे गणित, तेच ग्रहांचेही. पूर्वी त्यासाठी पंचांग उघडावे लागे. आता मोबाईलवर गावाचे नाव घातले की गुरू कधी उगवेल, डोक्यावर कधी येईल, त्याचा कोणता चंद्र कधी सावलीत शिरेल, हे क्षणात दिसते. स्टेलॅरियमसारखी आकाशदर्शने आणि नासाच्या प्रयोगशाळेचे होरायझन्स नावाचे गणक कोणालाही फुकट वापरता येतात. सोय मोठीच आहे. पण या सोयीने माझी एकदा चांगलीच फजिती केली. ती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही.

एका हिवाळ्यात राधानगरी तालुक्यातल्या एका शाळेच्या गुरुजींनी मला बोलावले. मुलांना गुरूवरचा तांबडा डाग दाखवायचा बेत होता. हा डाग म्हणजे गुरूच्या वातावरणातले एक प्रचंड वादळ. आपल्या पृथ्वीपेक्षाही रुंद. मी गणकावर वेळ पाहिली, शनिवार, २०:१०. म्हणजे रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटे. वाड्यावस्त्यांवरून चाळीसएक मुले आली. कोणी आजीची शाल पांघरून, कोणी धाकट्या भावाला काखेत घेऊन. सहा इंची दुर्बिणीतून गुरू स्वच्छ दिसत होता. पट्टे होते, चारही चंद्र होते, डाग मात्र नव्हता. साडेनऊपर्यंत थंडीत वाट पाहून मुले पांगली. जाता जाता सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, त्यो डाग खरंच हाय काय? का नुसता पुस्तकातच?"

त्या प्रश्नाने मला झोप लागेना. घरी येऊन तक्ता पुन्हा उघडला. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिले होते, 'जागतिक वेळ', म्हणजे ग्रिनिचची. आपले घड्याळ त्यापुढे साडेपाच तास. डाग समोर यायचा होता रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी! आम्ही दुर्बिणीला डोळा लावला तेव्हा तो गुरूच्या पलीकडच्या अंगाला होता. यंत्र बरोबर होते. चूक माझ्या वाचनाची होती.

तेव्हापासून कोणत्याही गणकाला मी चार प्रश्न विचारतो. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे चार प्रश्न वर्गात भिंतीवर लावून ठेवावेत.

पहिला प्रश्न: ही वेळ कोणत्या घड्याळाची? जागतिक वेळ असेल तर साडेपाच तास मिळवा. मिळवताना मध्यरात्र ओलांडली तर तारीखही बदला. गंमत अशी, की गुरूच्या चंद्रांची ग्रहणे साऱ्या पृथ्वीवरून जवळजवळ एकाच क्षणी दिसतात. तिथे गावागणिक फरक करावा लागत नाही. घड्याळ तेवढे जुळवावे लागते.

दुसरा प्रश्न: कोणत्या गावासाठी? उगवणे, मावळणे, डोक्यावर येणे या गोष्टी गावागणिक बदलतात. भारतीय प्रमाणवेळ ८२½ अंश रेखांशाची आहे आणि कोल्हापूर आहे सुमारे ७४¼ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणून आपण ३३ मिनिटे मागे. शाळेच्या अंगणात काठी रोवून पाहा. सर्वांत आखूड सावली बाराला कधीच पडत नाही. फेब्रुवारीच्या मध्यास ती १२ वाजून ४७ मिनिटांच्या सुमारास पडते, नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून १७ मिनिटांच्या सुमारास. प्रतियुतीचा ग्रह मध्यरात्री माथ्यावर येतो असे पुस्तकात असते. आपल्याकडे तेव्हा घड्याळात साधारण साडेबारा झालेले असतात. नागपूरकरांना तोच ग्रह आपल्याआधी १९ मिनिटे माथ्यावर दिसतो. १९५७ पासून निघणारे राष्ट्रीय पंचांगही देशातला एक मध्यवर्ती बिंदू धरून गणित करते. त्यातला आकडा जसाच्या तसा उचलू नये.

तिसरा प्रश्न: त्या वेळी तो ग्रह खरोखर दिसेल का? गणकाला सपाट क्षितिज ठाऊक असते. त्याला पन्हाळ्याचा डोंगर ठाऊक नसतो, दहा फूट वाढलेला ऊस ठाऊक नसतो, आणि गुऱ्हाळाचा धूरही ठाऊक नसतो. बुध तर सूर्यापासून २८ अंशांपलीकडे कधी जातच नाही. तो पाहायचा म्हणजे पश्चिम किंवा पूर्व बाजू मोकळी असलेले माळरान आधी दिवसाउजेडी हेरून ठेवले पाहिजे.

चौथा प्रश्न: गणकाच्या पोटातली माहिती केव्हाची? तांबडा डाग एका जागी खिळलेला नाही, हळूहळू सरकतो. तो दहा अंश सरकला आणि गणकाला त्याचा पत्ता नसला, तर वेळ सुमारे १६ मिनिटांनी चुकते.

आता तुम्ही म्हणाल, एवढी उठाठेव कशाला? श्रोतेहो, ही उठाठेव आपल्याच मातीतली आहे. कोकणातल्या नांदगावच्या केशव दैवज्ञांनी स्वतः ग्रह पाहून ग्रंथांतले आकडे तपासले. त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचले. त्यात त्रिकोणमितीची किचकट कोष्टके टाळून साध्या गुणाकार-भागाकाराने ग्रह काढण्याची सोय केली. त्या काळचे ते सर्वांना वापरता येणारे गणकच म्हणा ना! पुढे आकाश आणि आकडे यांत अंतर पडू लागले, तेव्हा केरोपंत छत्रे यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत आणली. आणि बागलकोटला शिक्षक असलेले व्यंकटेश बापूजी केतकर यांनी 'ज्योतिर्गणित' सिद्ध केले. या सर्वांची रीत एकच: आधी आकाश, मग आकडा.

आकडा चुकला म्हणून कधी केवढा लाभ होतो, तेही ऐका. गुरूच्या आयो या चंद्राची ग्रहणे तक्त्यापेक्षा कधी लवकर, कधी उशिरा होतात असे दिसत होते. पृथ्वी गुरूपासून दूर गेली की उशीर वाढतो, कारण प्रकाशाला यायला वेळ लागतो, हे रोमर या डेन्मार्कच्या ज्योतिर्विदाने १६७६ मध्ये ओळखले. चार-दहा मिनिटांची ती चूक त्याने झटकून टाकली असती, तर प्रकाशाला वेग आहे हे कळायला आणखी किती काळ लागला असता कोण जाणे.

असो. माझी हकीकत अर्धी राहिली. गुरू स्वतःभोवती ९ तास ५६ मिनिटांत फिरतो. दोन फेऱ्यांना १९ तास ५१ मिनिटे. एक चाळीसमध्ये ती मिळवली, तर रविवारी रात्रीचे ९ वाजून ३१ मिनिटे होतात. सकाळीच गुरुजींना फोन केला, चूक कबूल केली आणि पुन्हा गेलो. या वेळी अकराच मुले आली. चूक कशी झाली ते मी फळ्यावर मांडून दाखवले. साडेपाच तास मुलांकडूनच मिळवून घेतले. मग दुर्बीण लावली. पहिल्या चार जणांना काहीच दिसले नाही. डोळा सरावावा लागतो. कालची ती मुलगी बराच वेळ वाकून उभी राहिली आणि म्हणाली, "बारीक हाय सर, फिकट विटकरी. पण हाय."

उरलेली एकोणतीस मुले मात्र त्या रात्री घरीच होती. चुकीची वेळ सांगितल्याची किंमत ती एवढी. म्हणून, गुरुजनहो, मुलांना आकाशाखाली बोलावण्यापूर्वी तक्त्याचा कोपरा जरूर वाचा.