टाकीतला समुद्र हलता ठेवायचा तर

(रौप्य महोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्य महोत्सवाची आठवण म्हणून खाली प्रवेशाजवळ खाऱ्या पाण्याची माशांची टाकी ठेवावी, अशी सूचना तरुण मंडळींनी समितीकडे दिली आहे. पुढच्या सभेत ती मताला येईल. माझ्या घरी अशी टाकी बऱ्याच वर्षांपासून आहे, म्हणून मला उभं केलं. टाकीची किंमत दुकानदार सांगेलच. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे, ती म्हणजे पाणी हलतं ठेवणं. यवतमाळात टाकी टिकते की नाही, हे त्यावर ठरतं.

आपल्यापैकी कित्येकांनी मुंबईला गेल्यावर तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं असेल. १९५१ साली ते मरीन ड्राइव्हवर सुरू झालं. तिथे समुद्र रस्त्याच्या पलीकडे. आपल्याला तो घरीच तयार करावा लागतो. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मत्स्यालयाचं खास मीठ घालायचं. (स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, काकू.) मीठ कालवता येतं, पण लाट कालवता येत नाही. ती पंपानेच आणावी लागते.

पुष्कळांना वाटतं, बुडबुडे सोडले की हवा पाण्यात गेली. थोडी जाते. पण बुडबुडा पाण्यात राहतो एक-दोन सेकंद, तेवढ्यात किती विरघळणार? त्याचं खरं काम निराळं आहे. वर जाताना तो खालचं पाणी सोबत नेतो आणि वरचा थर ढवळतो. प्राणवायू आत येतो तो या वरच्या थरातून, आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो तोही तिथूनच. खिडकी एकच, म्हणून रांग सरकती पाहिजे. तळाचं पाणी तळालाच बसलं तर त्याचा नंबर कधी लागायचा? त्यासाठी लाटा करणारा पंप लावतात. २०० लिटरच्या टाकीत तासाला दोन ते चार हजार लिटर पाणी फिरलं पाहिजे. त्याचं तोंड थोडं वर ठेवा, पृष्ठभाग थरथरताना दिसला पाहिजे. पाण्यावर तेलकट साय धरली असेल तर खिडकी अर्धी बंद झाली असं समजा.

आता हिशेब. २५ अंशांवर एक लिटर गोड्या पाण्यात साधारण ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात ६.७. पाणी ३० अंशांवर गेलं की खाऱ्या पाण्यात उरतो ६.२ च्या आसपास. इकडे जमा कमी होते आणि तिकडे खर्च वाढतो, कारण गरम पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो. आपला मे महिना तुम्हाला मी काय सांगू!

पण आपल्या कोरड्या उन्हाचा एक फायदा आहे. पाण्यावर छोटा पंखा सोडला की कूलरसारखंच होतं, पाणी उडतं आणि टाकी दोन-तीन अंशांनी उतरते. मुंबईच्या दमट हवेत हे एवढं साधत नाही. मात्र उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची. मुद्दल तेवढंच ठेवायचं.

खरी परीक्षा लाईन गेल्यावर. रोहिणीत वादळ येतं, कुठेतरी तार तुटते आणि रात्र अंधारात जाते. पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो. तळ्यातले मासे पहाटे वर तोंड काढतात ते त्यामुळेच. दोन-तीन तास टाकी बंद राहिली की भरलेल्या टाकीत धोका सुरू होतो. छोट्या डीसी पंपाला पाच-दहा वॅट पुरतात, छताच्या पंख्याच्या तुलनेत काहीच नाही. तो इन्व्हर्टरवर हवाच. जोडीला बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवा. तेही नसेल तर तांब्या घ्या, पाणी उचला आणि वीतभर उंचीवरून परत ओता, दर काही मिनिटांनी. लाईन येईपर्यंत खाणं टाकायचं नाही. बंद डब्याचा फिल्टर असेल तर आतलं साचलेलं पाणी फेकल्याशिवाय तो पुन्हा सुरू करू नका. आतले उपयोगी जिवाणू गुदमरून मेलेले असतात, ते घाण पाणी एकदम माशांवर जातं.

तेव्हा माझं मत असं. इन्व्हर्टरचा खर्च आणि एप्रिल ते जून रात्री उठणाऱ्या दोघांची नावं ठरावात लिहिली असतील, तर मी हात वर करीन. "कोणीतरी बघेल" असं असेल तर नाही. मासे मेंटेनन्सची नोटीस लावू शकत नाहीत.

आणि टाकी मीटरबोर्डाखाली नको. बुडबुडे फुटून खारे तुषार उडतात, वायरींवर मीठ चढतं. वॉचमनच्या खोलीला लागून असलेली भिंत मला बरी वाटते. तिथे ऊन येत नाही, आणि रात्री पंपाचा आवाज थांबला की त्याला लगेच कळेल.