समाजसुधारणेचा आरंभ आपल्या अंगणात
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला विषय दिला आहे तो 'दैनंदिन जीवनातील समाजसुधारणा व स्वास्थ्य' असा. या विषयावर बोलावयास उभे राहिले की वक्त्यांना जपान आठवतो, इंग्लंड आठवते. मी मात्र डहाणू आणि तलासरी यांच्या शिवेबाहेर जाणार नाही. आपल्या पायांखालच्या भूमीत काय घडले, हे आपल्या मुलांना नीटसे ठाऊक नाही, आणि आपल्या स्मरणिकांतूनही त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

एक शब्द विचारतो. 'लग्नगडी' म्हणजे काय, हे येथे बसलेल्या तरुणांपैकी किती जण सांगू शकतील? १९४५ पूर्वी या भागातील एखादा वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून थोडेसे रुपये उचलीत असे. फेडावयास त्याच्याजवळ दोन हातांखेरीज काही नसे. मग तो हात गहाण ठेवी. तो आणि त्याची नवपरिणीत पत्नी, दोघेही धन्याच्या घरी राबत. पोटाला मिळे ते खात, कर्ज मात्र तसेच उभे राही. हिशेबाची वही धन्याची, आणि वाचता येणाराही धनीच. ज्या मंगल कार्यासाठी कर्ज काढले, त्याच कार्याने माणूस आयुष्याचा बंदा झाला. त्याचे नाव लग्नगडी. याशिवाय वेठ होतीच. धन्याने हाक मारली की स्वतःचे शेत टाकून विनामोबदला कामास जावे लागे.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होती; १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि झरी आपल्याकडे राहिली. आज ती तलासरी तालुक्यात आहे. किसान सभेचे शामराव परुळेकर आणि गोदावरीबाई परुळेकर यांनी ही परिषद घडवून आणली. सुमारे ५,००० वारली जमले. वेठ करावयाची नाही आणि बारा आणे रोजाची रोख मजुरी मिळाल्यावाचून धन्याच्या जमिनीवर काम करावयाचे नाही, असा निश्चय तेथे झाला. पुढे त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडे येथे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला व पाच आदिवासी प्राणास मुकले. परंतु वेठ आणि लग्नगड्याची चाल उठली ती उठलीच. गोदावरीबाईंनी ही हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात लिहिली आहे. त्यांच्या पक्षाशी आपले मतभेद असतील; ग्रंथ वाचण्यास मतभेदाची आडकाठी नसावी. आपल्यापैकी काहींचे पूर्वज त्या काळी वाड्यांचे मालक होते, काहींचे कूळ होते. ज्यांचे मालक होते त्यांनी तर तो अवश्य वाचावा.

त्याच १९४५ सालच्या अखेरीस झरीपासून काही कोसांवर, बोर्डीस, दुसरा एक आरंभ झाला. त्यात गर्दी नव्हती, घोषणा नव्हत्या. ताराबाई मोडक यांनी तेथे ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. ताराबाईंचे वय तेव्हा त्रेपन्न होते. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरास बालशिक्षणाचे कार्य करून त्यांनी मोठे नाव मिळविले होते. या वयात माणसे निवृत्तीचे दिवस मोजू लागतात. त्यांच्यासोबत होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी विवाह, सहा महिन्यांच्या आत वैधव्य, आणि मग शिक्षिकेचा पेशा, ही त्यांची पूर्वकथा. आपण येथे ज्यांना 'बिचारी' म्हणून बाजूस बसवितो, त्यांपैकी ही एक होती, एवढे ध्यानात ठेवावे.

मुलांना शाळेत बोलावले, मुले येईनात. मी मास्तरकी केली आहे, म्हणून सांगतो, हजेरीपट रिकामा राहिला की आम्ही मास्तर पालकांना दोष देऊन मोकळे होतो. या दोघींनी तसे केले नाही. त्या पाड्यावर गेल्या आणि झोपडीच्या अंगणातच शाळा भरवू लागल्या. मुलांची नखे काढणे, डोकी धुणे, न्हाऊमाखू घालणे, हा पहिला धडा. मोलाची साधने परवडणारी नव्हती, म्हणून खडे, पाने, बिया आणि शिंपले यांवर मुले मोजावयास शिकली. १९५६-५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे ध्यानात आले की थोरली मुलगी शाळेस येत नाही, कारण कडेवर धाकटे भावंड असते. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. गुरे राखणारी मुले येईनात, तर कुरणातच शाळा नेली. तिला कुरणशाळा म्हणत. उपदेश कोणालाही करता येतो. मूल का येत नाही याचा शोध घेऊन ती एकेक अडचण हातांनी दूर करणे, याला सुधारणा म्हणावयाचे. अनुताई १९९२ साली निवर्तल्या, तोपर्यंत त्या याच कार्यात होत्या. आणि वयाच्या पन्नाशीनंतर, १९६१ साली, त्या पदवीधर झाल्या. आपल्या भगिनींपैकी 'आता या वयात काय शिकायचे' असे म्हणणाऱ्या ज्या आहेत, त्यांच्यासाठी हे सांगितले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. आज देशाच्या गावोगाव 'अंगणवाडी' हा शब्द रूढ आहे, त्याचे मूळ आपल्या बोर्डी-कोसबाडच्या अंगणात आहे.

आता आपल्याकडे वळतो, आणि येथे थोडे कटू बोलावे लागेल. लग्नगड्याची चाल वारल्यांनी मोडली. ती आपण तर उचलून घेतली नाही ना? घोलवड-डहाणूच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपणांस अभिमान आहे. पण त्याच चिकूची वाडी तारण ठेवून मंडप, वाजंत्री आणि पाचशे पानांच्या पंगती उठविणारी घरे आपल्यात आहेत. त्या घरांतील कर्त्या पुरुषाला पुढील काही वर्षे निश्चिंत झोप नाही. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टर त्याला मीठ कमी करावयास सांगतात. खरे दुखणे बँकेच्या हप्त्यात असते. स्वास्थ्य म्हणून जे म्हणतात, त्याचा मोठा भाग ऋणमुक्त घरात आहे, अशी माझी समजूत आहे. वारल्यांच्या लग्नात धवलेरी ही स्त्री गीते म्हणून विधी करते, सुवासिनी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चित्रांनी जग जिंकले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना त्यासाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. आपण ती चित्रे दिवाणखान्यात टांगतो. ज्या लग्नात ती काढतात त्याचा साधेपणा मात्र घरात येऊ देत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या वाड्यांतील मजुरांच्या मुलांची. आपला शिक्षणनिधी केवळ ज्ञातीतील गुणवंतांना पारितोषिके देण्यात खर्च होतो. ज्यांना पाच शिकवण्या आहेत, त्यांनाच आपण पेन देतो. त्या निधीतील काही भाग वेगळा काढून, मजूर कामावर असताना त्यांची तान्ही मुले सांभाळण्यास प्रत्येक मोठ्या वाडीत एक छप्पर आणि एक बाई ठेवावी, आणि तीन वर्षांवरील मूल जवळच्या अंगणवाडीत जाते की नाही याची विचारपूस मालकाच्या घरच्या स्त्रीने करावी, अशी माझी सूचना आहे. हे ज्ञातीबाहेरचे कार्य आहे, असे काही सभासद म्हणतील. ताराबाई व अनुताई यांची ज्ञाती बोर्डीस कोणी विचारली होती काय?

चिटणीसांच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी कार्य आहे व जे कर्ज न काढता ते पार पाडणार आहेत, त्यांनी तीत नाव लिहावे. वाडीत छप्पर घालण्यास जे तयार आहेत, त्यांच्यासाठी मागील पाने मोकळी आहेत. भोजनाची वेळ होत आली आहे. पानावर बसण्यापूर्वी वही पाहून जावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.